हद्द कोणी आखायची?

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत शहरांच्या वाढत्या प्रश्नांवर जो लेख आला आहे, त्यात 'सिस्टिम्स ॲनालिसिस' (एखादे काम मिळून करणारी माणसे, यंत्रे आणि नियम यांचा एकत्रित अभ्यास) या विषयाची ओळख करून देताना दोन विधाने केली आहेत. हे शास्त्र संगणकाच्या पोटी जन्माला आले, हे पहिले. पाणी, वाहतूक आणि कचरा यांची पुरेशी आकडेवारी यंत्राला पुरवली की उत्तर आपोआप बाहेर पडेल, आणि अडचण काय ती आकडे गोळा करण्याच्या आळसाची आहे, हे दुसरे. लेखकाचा हेतू चांगला आहे आणि असा विषय रविवारच्या वाचकांपुढे आणल्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. तथापि मी हा विषय एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तीसेक वर्षे शिकवला असल्यामुळे गप्प बसवत नाही. पहिल्या विधानाला इतिहासाचा आधार नाही. दुसऱ्या विधानातली समजूत तर अशी आहे की, तिच्यापायीच या शास्त्राची एकदा मोठी नाचक्की होऊन गेली आहे.

या विद्येचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरच्या ब्रिटनमध्ये सापडते. 1930 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बॉड्सी येथे रडारचे काम चालू होते. यंत्र चालत होते, येणारे विमान पडद्यावर दिसतही होते. पण निरनिराळ्या ठाण्यांकडून येणारी, कित्येकदा एकमेकींशी न जुळणारी माहिती एकत्र करून वेळेत वैमानिकापर्यंत पोहोचवायची कशी, याचा बंदोबस्त झालेला नव्हता. त्यासाठी जे शास्त्रज्ञ बसवले गेले त्यांच्या कामाला 'ऑपरेशनल रिसर्च' हे नाव पडले. रडार, ते चालवणारी माणसे, टेलिफोनच्या तारा, नकाशाच्या टेबलाभोवती उभ्या राहून खुणा सरकवणाऱ्या मुली आणि आकाशातला वैमानिक हे सगळे मिळून एक काम करतात, तेव्हा ते काम कुठे अडते हे पाहणे त्यांच्याकडे होते.

1940 साली पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाने विमानविरोधी तोफदलासाठी जी तुकडी जमवली तिची यादी मुद्दाम देतो: तीन शरीरक्रियाशास्त्रज्ञ, दोन गणिती भौतिकीचे अभ्यासक, एक खगोलभौतिकीचा, एक सामान्य भौतिकीचा, दोन गणितज्ञ, एक जमीन मोजणारा आणि एक लष्करी अधिकारी. लोक तिला 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणत. यात संगणकाचा तज्ज्ञ नाही, कारण तसा प्राणी अजून अस्तित्वात यायचा होता.

पुढच्या वर्षी ब्लॅकेट किनारी विमानदळाकडे गेले. तिथली एक हकीकत मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगत असे. जर्मन पाणबुड्यांवर विमानांतून जे पाणसुरुंग टाकले जात, ते पाण्याखाली 100 फुटांवर फुटतील असे लावलेले असत. हिशेब वरकरणी बिनचूक होता: पाणबुडीवरचा पहारेकरी विमान दुरून पाहतो, पाणबुडी बुडी मारते, विमान डोक्यावर येईतो तिला दोनएक मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात ती सरासरी 100 फूट खाली गेलेली असते. ब्लॅकेट यांच्या गटातले भौतिकशास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांची टिपणे काढून एक साधा प्रश्न विचारला. पाणबुडी इतकी खोल गेल्यावर ती आडव्या अंगाने नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला कुठे ठाऊक असते? म्हणजे ती 100 फुटांवर असते तेव्हा सुरुंग भलतीकडे पडतो. आणि ती नुकतीच बुडत असते, जागा डोळ्यांसमोर असते, तेव्हा सुरुंग बरोबर पडून तिच्या फार खाली फुटतो. सरासरी खरी होती, पण ती ज्यांच्यावरून काढली त्या पाणबुड्या मुळात हाती लागण्याजोग्याच नव्हत्या. सुरुंग 25 फुटांवर फुटावा अशी शिफारस झाली आणि ती अमलात येताच पाणबुड्या बुडण्याचे प्रमाण इतके वाढले की, ब्रिटिशांनी नवी जबरदस्त दारू शोधून काढली अशी पकडलेल्या जर्मन खलाशांची समजूत झाली. दारू तीच होती.

ताफ्यांचीही तशीच गोष्ट. अटलांटिक ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजांचे लहान ताफे सुरक्षित, असे नौदल धरून चालले होते. ब्लॅकेट यांच्या गटाने बुडालेल्या जहाजांची नोंद चाळली, तेव्हा हल्ला झालेल्या ताफ्यातली किती जहाजे बुडतात याचा ताफ्याच्या आकाराशी फारसा संबंध दिसेना. कारण शाळेतल्या भूमितीचे आहे. ताफ्यातली जहाजे दुप्पट केली तर क्षेत्रफळ दुप्पट होते, पण ज्या परिघावर पहारा ठेवायचा तो त्या मानाने थोडाच वाढतो. तेव्हा तेवढ्याच लढाऊ नौकांत मोठा ताफा जास्त चांगला राखता येतो. हे गणित कागदाच्या तुकड्यावर होते. अवघड होते ते नौदलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांना पटवणे, आणि स्वतः नौदलात राहून पहिल्या महायुद्धात जटलंडची लढाई लढलेले ब्लॅकेट त्या कामी उपयोगी पडले, असे माझे मत आहे. हेच ब्लॅकेट जानेवारी 1947 मध्ये सायन्स काँग्रेससाठी दिल्लीला आले असता पंडित नेहरूंनी त्यांचा संरक्षण-संशोधनाबाबत सल्ला मागितला आणि 1948 मध्ये त्यांचा अहवाल सरकारला मिळाला. आपल्याकडची ऑपरेशनल रिसर्च सोसायटी 1957 ची आहे. सांगायचे एवढेच की, ही विद्या आपल्याला कालपरवा कळलेली नाही.

'सिस्टिम्स ॲनालिसिस' हे नाव युद्धानंतरचे, अमेरिकी वायुदलासाठी संशोधन करणाऱ्या रँड या संस्थेतले. एडविन पॅक्सन यांनी ते रूढ केले. फरक असा की, ऑपरेशनल रिसर्चने हातात असलेली विमाने नीट कशी वापरायची हे पाहिले, तर नव्या मंडळींना दहा वर्षांनी कोणती विमाने असावीत हे ठरवायचे होते. जे अजून अस्तित्वात नाही त्याची टिपणे कुठून आणणार? मग सगळे गृहीतांवर आले. पॅक्सन यांच्या गटाने 1950 च्या सुमारास बाँबफेकी विमानांचा एक अवाढव्य अभ्यास केला आणि पंख्यांच्या स्वस्त विमानांच्या बाजूने कौल दिला. वायुदलाला तो मुळीच मानवला नाही. त्या हिशेबात वैमानिकांच्या जिवाची किंमत धरलेली नव्हती, हा त्यातला एक आक्षेप होता, आणि तो मला आजही बिनतोड वाटतो.

त्याच संस्थेत आल्बर्ट वोलस्टेटर यांच्याकडे परदेशी विमानतळ कुठे बांधले तर स्वस्त पडतील, असा प्रश्न आला. त्यांनी तो आहे तसा सोडवला असता तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी प्रश्नच फिरवला: शत्रूने पहिला घाव घातला तर यातली किती विमाने उरतील? या बाजूने पाहताच शत्रूच्या सीमेजवळचे ते तळ फार कच्चे दिसू लागले. विमाने अमेरिकेत ठेवावीत आणि बाहेरचे तळ इंधन भरण्यापुरते वापरावेत, असा 1954 च्या अहवालाचा निष्कर्ष होता. अण्वस्त्रांच्या त्या राजकारणाविषयी माझे मत चांगले नाही, पण विचारलेला प्रश्न आधी तपासून घेण्याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

इथे शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. 'सिस्टिम'ला आपण अलीकडे सरसकट 'प्रणाली' म्हणू लागलो आहोत आणि प्रणाली म्हटले की डोळ्यांसमोर संगणकाचा पडदाच येतो. रविवारच्या लेखातली चूक मला वाटते इथूनच सुरू झाली. जुना 'व्यवस्था' हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. लग्नघरी 'जेवणाची व्यवस्था काय?' असे आपण विचारतो, तेव्हा ती कोणीतरी, कोणासाठी तरी केलेली आहे हे त्या शब्दातच गृहीत असते, आणि मांडवाबाहेर बसलेल्या वाजंत्र्यांचे पान त्या व्यवस्थेत धरले आहे की नाही, हेही लगेच विचारता येते. 'प्रणाली' म्हटल्यावर हे विचारायचे सुचत नाही.

1961 साली फोर्ड मोटर कंपनीतून आलेले रॉबर्ट मॅक्नमारा अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले आणि रँडची माणसे व त्यांच्या पद्धती थेट मंत्रालयात गेल्या. 1965 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी अशा विश्लेषणावरून अंदाजपत्रक बांधण्याची तिथली पद्धत सर्व मुलकी खात्यांना लावली. काही वर्षांतच ती गुंडाळावी लागली. व्हिएतनामच्या युद्धातले यश शत्रूचे मुडदे मोजून ठरवले जाई, त्याचे खापर अनेकदा सिस्टिम्स ॲनालिसिसवर फोडले जाते. त्यात एक बारकावा सुटतो. मॅक्नमारांच्या हाताखालच्या, अलेन एन्थोव्हेन यांच्या सिस्टिम्स ॲनालिसिस कार्यालयानेच त्या काळात दाखवून दिले होते की, बहुतेक चकमकी शत्रूच सुरू करतो, म्हणजे स्वतःची किती माणसे मरू द्यायची हे त्याच्याच हातात आहे, आणि म्हणून माणसे मारून त्याला संपवण्याचा बेत सिद्धीस जाणार नाही. मुडद्यांचे आकडे मागणारे आणि त्या आकड्यांचा अर्थ लावणारे एकाच खात्यात होते. युद्धाचा बेत ठरवणे मात्र अर्थ लावणाऱ्यांकडे नव्हते.

संगणकाविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे जे. डब्ल्यू. फॉरेस्टर हे स्वतः संगणकाच्या पहिल्या पिढीतले बांधकामदार. व्हर्लविंड हे यंत्र आणि चुंबकीय स्मृती ही त्यांची कामे. 1950 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांना सांगितले की, केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालतात आणि काही वर्षांनी निम्मे कामगार घरी पाठवावे लागतात, याला बाजारातली तेजी-मंदी कारण असावी. फॉरेस्टर यांनी वही आणि पेन्सिल घेतली. वरच्या बाजूला साठा, कामगार आणि मागणी यांचे रकाने आखले आणि आठवड्यामागून आठवडा हाताने हिशेब मांडला. बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली तरी कारखान्यातल्या स्वतःच्याच भरती आणि साठ्याच्या नियमांमुळे कामगारांचा आकडा झुलत राहतो, हे त्या रकान्यांत दिसले. नियम केल्यापासून परिणाम दिसेपर्यंत जो वेळ जातो त्यात माणूस धीर सोडून पुन्हा हात घालतो, आणि झोका वाढतो. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या शेतकऱ्याला हे समजवायला पेन्सिलही लागणार नाही. गेल्या मोसमातला भाव पाहून लागण, सगळ्यांची लागण एकदम, एप्रिल-मे महिन्यात काढलेला उन्हाळी कांदा चाळीत, आणि चाळ उघडेपर्यंत भाव भलताच. त्यात मधेच निर्यातीचा नियम बदलला की झोक्याला आणखी एक धक्का बसतो.

मात्र फॉरेस्टर यांचेच 1969 चे शहरांवरचे पुस्तक मी विद्यार्थ्यांना सावधपणे वाचायला देत असे. शहरात गरिबांसाठी घरे बांधली तर शहराची अवस्था आणखी बिघडते, असा निष्कर्ष त्यात होता. त्या मांडणीत शहर होते, शहराची उपनगरे नव्हती. माणसे बाहेरून येत आणि बाहेर जात. ते 'बाहेर' म्हणजे अमर्याद पोकळी. उपनगरात पैसेवाले राहायला गेल्यामुळे शहराचा कर घटतो, ही त्या वेळच्या अमेरिकन शहरांची मोठी व्यथा होती, आणि तीच हद्दीबाहेर राहिली.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे प्रकरण याच सुमाराचे. रँडच्या मंडळींनी 1968 पासून तिथे काम केले आणि पुढे त्यासाठी वेगळी संस्था स्थापन झाली. त्यांनी काही फार चांगल्या गोष्टी केल्या: पाण्यात एक द्रव्य मिसळून ते नळीतून कमी घर्षणाने जावे, म्हणजे हलकी नळी पुरावी, ही कल्पना त्यांनी पुढे आणली. पुढे शहराची तिजोरी आटली आणि कोणती केंद्रे बंद करता येतील, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. आगीत किती नुकसान होते हे मोजणे अवघड, म्हणून बंब किती मिनिटांत पोहोचतो हे मोजायचे ठरले, आणि इथेच पाऊल घसरले. टीकाकारांचा आक्षेप असा की, कोणते केंद्र हलवावे हे ठरवणाऱ्या आराखड्यात जवळचा बंब जागेवर उभा आहे असे धरले होते. पण साउथ ब्राँक्ससारख्या, रोज आगी लागणाऱ्या वस्तीत तो बहुधा दुसऱ्या आगीवर गेलेला असे. त्या वस्त्या जळण्याला एवढे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. घरमालकांनी सोडून दिलेल्या इमारती होत्या, आटलेले रोजगार होते. तरीही ज्या वस्तीत आगी जास्त, तिथलीच काही केंद्रे कमी झाली, हे आकड्यांच्या आधाराने झाले.

स्टॉपवॉच हातात घेऊन मीही अशीच चूक केलेली असल्यामुळे मला त्यांच्याविषयी थोडी आपुलकी वाटते. 1980 च्या दशकात, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सार्वजनिक रुग्णालयात केसपेपरच्या खिडक्या किती असाव्यात हे सांगा, म्हणून आमच्या महाविद्यालयाकडे विचारणा आली. सहा विद्यार्थी घेऊन मी आठवडाभर रांगेशी उभा राहिलो. माणूस कधी आला, खिडकीशी किती सेकंद लागले, सगळे टिपले, सूत्रात घातले आणि उत्तर आले: दोन नव्हे, तीन खिडक्या. तिसरी खिडकी सुरू झाली. केसपेपरची रांग निम्म्यावर आली आणि आम्ही हरखलो. महिन्याभराने पुन्हा गेलो तर तीच गर्दी डॉक्टरांच्या दाराशी आणि तिथून औषधाच्या खिडकीशी सरकली होती. लोक तेवढाच वेळ ताटकळत होते, फक्त दुसऱ्या ओसरीवर.

तिथे फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला विचारले, "सर, तुम्ही स्टँडवर कधी जाऊन बघितलं का? गाडी आली की रांग येते." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटी स्टँडवर बसलो. खेड्यापाड्यांतून रात्रीच्या मुक्कामी गाड्या नऊच्या आसपास एकापाठोपाठ येत आणि अर्ध्या तासात शे-दीडशे माणसे रुग्णालयाच्या फाटकाशी असत. परतीची गाडी दीडला. ती चुकली की संध्याकाळशिवाय दुसरी नाही, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच, वर शाळेतून आलेले पोर कुलपाशी बसणार. त्यांतली बरीच माणसे रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या त्याच गोळ्या न्यायला दर आठवड्याला येत होती, कारण गोळ्या सात दिवसांच्याच मिळत. रुग्णालयाच्या लेखी व्यवस्था फाटकापासून फाटकापर्यंत होती. त्या माणसांच्या लेखी घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत. जुन्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि त्यांना केसपेपरच्या रांगेत उभेच करू नये, असा दुसरा अहवाल आम्ही दिला. तो दप्तरी दाखल झाला. तिसरी खिडकी मात्र मंजूर झालेली असल्यामुळे कायम राहिली.

या चुकांतून या शास्त्राने काही शिकले नाही असे नाही. रसायन-उद्योगातली नोकरी सोडून लँकेस्टर विद्यापीठात आलेल्या पीटर चेकलँड यांना 1970 च्या दशकात असाच अनुभव येत गेला. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बांधलेल्या काँकॉर्ड विमानाच्या कामाचा अभ्यास करताना त्यांच्या चमूने ते एक अभियांत्रिकी काम आहे असे धरले आणि ते ब्रिटन-फ्रान्स यांच्यातले राजकीय कामही होते, हे मागाहून ध्यानात आले. व्यवस्था ही जगात आयती पडलेली वस्तू नाही, पाहणारा ती आखतो, असे त्यांनी पुढे मांडले. म्हणून आधी सगळ्या संबंधितांना बसवून परिस्थितीचे चित्र अक्षरशः हाताने काढायचे, कोणाला काय खुपते ते त्यात लिहायचे, आणि 'ही व्यवस्था कशासाठी?' याची दोन-तीन वेगवेगळी उत्तरे समोर ठेवून मगच बदलाची भाषा करायची, अशी त्यांची रीत. तिच्यावरही टीका झाली. बैठकीत साहेब आणि शिपाई शेजारी बसले म्हणून शिपाई खरे बोलेल, हे भाबडेपणाचे आहे असे टीकाकार म्हणतात, आणि आपल्याकडची कार्यालये पाहिली की मला ते पटते.

आपल्या लेखात शेवटी असे म्हटले आहे की, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या 'सिस्टिम्स ॲनालिसिस'साठी लवकरच निविदा निघणार आहे. ती निघेल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी कोणती यंत्रणा, कोणते सॉफ्टवेअर आणि किती कोटी हे जरूर छापावे. त्याबरोबर निविदेतला कामाच्या व्याप्तीचा परिच्छेद शब्दशः छापावा, एवढी माझी विनंती आहे. धरणाखालची ज्यांचे आवर्तन कमी होणार ती गावे त्यात धरली आहेत का, टँकरवाले धरले आहेत का, नळ पहाटे तीनला येतो म्हणून जागणाऱ्या बाईची झोप कोणत्या रकान्यात लिहिली जाणार आहे, हे त्या एका परिच्छेदावरून वाचकांना समजेल, आणि तेही अहवाल येण्याच्या वर्षभर आधी.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, सोलापूर